‘विल’ लावलं की भविष्यकाळ झाला?

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. शाळेत त्याला सांगितलं होतं की इंग्रजीत भविष्यकाळ चार : साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण. चारही ठिकाणी ‘शॅल’ नाहीतर ‘विल’ लावायचं. आता ऑफिसच्या कॉलवर लंडनची माणसं बोलतात तेव्हा कुणी ‘आय ॲम लीव्हिंग’ म्हणतं, कुणी ‘गोइंग टू’, कुणी नुसतं ‘द कॉल स्टार्ट्स ॲट फाइव्ह’. वर एका सहकाऱ्याने ऐकवलं की इंग्रजीत भविष्यकाळ नाहीच मुळी. मग खरं काय? सोबत त्याने मॅनेजरला पाठवलेली तीन वाक्यांची मेल जोडली आहे आणि ‘यात काही चुकलंय का?’ असं विचारलंय. मेल अशी : ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो. आय विल गिव्ह द रिपोर्ट टिल फ्रायडे. व्हेन आय विल कम बॅक, आय विल अपडेट यू.’

तीनही वाक्यांत चूक आहे. पण त्या चुका इतक्या आपल्या, इतक्या पुणेरी-मराठी आहेत की त्यांच्याच आधाराने सगळा विषय सांगता येईल. पस्तीस वर्षं नारायण पेठेत इंग्रजी शिकवते आहे. ही तीन वाक्यं मी निदान तीन हजार वेळा तपासली असतील.

आधी सहकाऱ्याचं. त्याचं बरोबर आहे. ‘भविष्यकाळ नाही’ म्हणजे इंग्रजांना उद्याबद्दल बोलता येत नाही असं नव्हे. व्याकरणात काळ म्हणजे क्रियापदाच्या अंगावर उमटलेला बदल. मराठीत ‘कर’ घ्या : करीन, करशील, करेल, करू, कराल, करतील. दुसरा शब्द न जोडता धातूलाच भविष्याचा प्रत्यय लागतो. इंग्रजीत ‘वॉक’ घ्या. वॉक, वॉक्स, वॉक्ड. संपलं. वर्तमान आणि भूत एवढीच दोन रूपं क्रियापदाच्या अंगात आहेत, उद्यासाठी वेगळं रूप नाही. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने हे ठामपणे मांडलं आणि नंतरच्या बहुतेक मोठ्या व्याकरणांनी ते मान्य केलं. मग शाळेत चार भविष्यकाळ कुठून आले? जुन्या काळी इंग्रजीचं व्याकरण लिहिणारे लॅटिनच्या साच्यात लिहायचे. लॅटिनला भविष्यकाळ आहे, म्हणून इंग्रजीच्या तक्त्यातही तो रकाना आखला गेला आणि भरायला हाताशी होतं ‘विल’.

या ‘विल’ची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ‘आजोबांनी विल केलं’ असं आपण म्हणतो, तेच हे विल. मूळ अर्थ इच्छा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत उद्याबद्दल बोलायला साधा वर्तमानकाळच चालायचा. ‘विल’ म्हणजे ‘मला हवंय, माझी इच्छा आहे’ आणि ‘शॅल’ म्हणजे ‘मी देणं लागतो, मला करावंच लागेल’. जर्मनमध्ये कर्जाला आणि अपराधाला ‘शुल्ड’ म्हणतात, तो शब्द ‘शॅल’च्याच घराण्यातला. म्हणजे एक इच्छेचा शब्द, एक देण्याचा. वापरून वापरून दोन्ही झिजले आणि भविष्याकडे सरकले, पण मूळचा वास गेला नाही. पुढे ठिकठिकाणी तो येईल.

१६५३ साली जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमधून. अनंताची खूण म्हणून आडवा आठचा आकडा वापरात आणला तोच हा गृहस्थ. त्या व्याकरणात त्याने नियम घातला : प्रथमपुरुषात नुसतं भाकीत असेल तर ‘शॅल’, वचन किंवा धमकी असेल तर ‘विल’, द्वितीय-तृतीयपुरुषात बरोबर उलटं. या नियमावर बेतलेला एक जुना विनोद आहे. नदीत बुडणारा परका माणूस ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरचे सभ्य इंग्रज म्हणतात, याला बुडायचंच आहे आणि आपल्याला वाचवू द्यायचं नाही, आणि ते निघून जातात. शाळेत आम्ही ‘आय शॅल, वुई शॅल, यू विल, ही विल’ पाढ्यासारखं म्हणत असू. वॉलिसला गुरुदक्षिणा देतोय हे कुणाला माहीत होतं? आज ब्रिटनमध्येसुद्धा हा नियम पाळताना क्वचितच कुणी दिसतं. तुम्हीही सोडून द्या.

‘शॅल’ दोन जागी मात्र ठेवा. एक, विचारताना : ‘शॅल वुई स्टार्ट?’, ‘शॅल आय क्लोज द विंडो?’ म्हणजे ‘सुरू करू या का?’, ‘खिडकी लावू का?’ दुसरी जागा तुमच्या कपाटात आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार काढून वाचा. ‘द लायसेन्सी शॅल पे’, ‘द लायसेन्सी शॅल नॉट सबलेट’ अशी वाक्यं ओळीने सापडतील. ते भविष्य नाही. भाडेकरू पुढे भाडं देईल अशी घरमालकाने वर्तवलेली भविष्यवाणी नाही ती. ‘द्यावं लागेल’ असा दम आहे. देणं लागण्याचा जुना अर्थ कायद्याच्या कागदावर अजून जसाच्या तसा बसलेला आहे.

आता मुख्य गोष्ट. उद्या काय होणार यावर इंग्रजीतलं रूप ठरत नाही. उद्याची ती गोष्ट आज कुठे उभी आहे यावर ठरतं. आत्ता या क्षणी मनात आली? आधीच ठरलेली आहे? दुसऱ्याशी बोलून वेळ पक्की झालीय? वेळापत्रकात छापलीय? की तिची चिन्हं डोळ्यांना दिसतायत? प्रत्येकाला वेगळं रूप. आणि गंमत अशी की मराठी माणूस हा फरक जन्मापासून करतो. फक्त इंग्रजी बोलायला लागला की घरचं शहाणपण बाहेर चपलांपाशी ठेवतो आणि सगळीकडे ‘विल’ फासतो.

वर्गातला माझा नेहमीचा प्रयोग सांगते. मी म्हणते, घरात फोन वाजतोय, सगळे बसलेत, तुम्ही उठता. काय म्हणता? आजवर एकानेही ‘मी घेईन’ म्हटलेलं नाही. सगळे म्हणतात, ‘थांब, मी घेतो.’ वर्तमानकाळ! ‘मी घेईन’ म्हटलं तर ऐकणारा म्हणेल, कधी घेशील, फोन बंद पडल्यावर? आता इंग्रजीत याच जागी लागतं ‘विल’ : ‘आय विल गेट इट’, बोलताना घाईत ‘आइल गेट इट’. क्षणात घेतलेला निर्णय, देऊ केलेली मदत, हॉटेलात दिलेली ऑर्डर, वचन, या सगळ्यांना ‘विल’. इच्छेचा जुना वास तो हा. मराठीत तिथे बहुधा ‘-तो’, ‘-ते’ येतं : मी बघतो, मी आणते, मी मसाला डोसा घेतो, सांगते मी त्यांना.

आणि जे आधी ठरलेलं असतं त्याला आपण काय म्हणतो? ‘णार’. ‘यंदा आम्ही घर रंगवणार आहोत.’ इंग्रजीत ‘वुई आर गोइंग टू पेंट द हाउस’. इथे ‘वुई विल पेंट’ म्हटलं तर समोरच्याला वाटतं की कल्पना आत्ताच सुचली, बायकोलाही अजून माहीत नसावी. ‘गोइंग टू’चा दुसरा उपयोग चिन्हं दिसण्याचा. जुलैच्या संध्याकाळी वेताळ टेकडीवर उभ्या आहात, सिंहगडाच्या बाजूने काळी भिंत सरकत येते आहे. तोंडून निघतं, ‘पाऊस येणार बरं का!’ ‘पाऊस येईल’ नाही. ‘येईल’ म्हणजे अंदाज, हवामान खात्याचा किंवा तुमचा. ‘येणार’ म्हणजे डोळ्यांसमोर आलाच आहे. इंग्रजीत नेमका तोच भेद : ‘इट विल रेन टुमॉरो’ हे मत, ‘इट इज गोइंग टू रेन’ हा पुरावा. ‘णार’ आणि ‘गोइंग टू’ ही जोडी माझ्या अनुभवात शंभरातल्या नव्वद वेळा जुळते. वेगळा नियम पाठ करू नका, आधी मनातल्या मनात मराठीत बोला.

‘गोइंग टू’चा उच्चार बोलताना ‘गोना’ होतो. चालतो, लिहू नका. आणि एक बारीक गोष्ट : ‘आय ॲम गोइंग टू मुंबई’चं ‘आय ॲम गोना मुंबई’ होत नाही. तिथे ‘गोइंग’ म्हणजे खरोखर जाणं आहे, पुढे गावाचं नाव आहे. ‘गोना’ होतं ते पुढे क्रियापद असेल तेव्हाच. काही शतकांपूर्वी ‘अमुक करायला निघालो आहे’ असंच म्हणत म्हणत इंग्रजी माणसं ‘करणार आहे’पर्यंत येऊन पोचली, निघण्याचा अर्थ वाटेत गळून पडला.

तिसरं, ‘आय ॲम लीव्हिंग’. हे डायरीत लिहिलेलं भविष्य. ‘आय ॲम मीटिंग द डॉक्टर ॲट फाइव्ह’ म्हणजे अपॉइंटमेंट घेतलीय, कंपाउंडरच्या वहीत नाव चढलंय. फक्त तुमच्या मनात असेल तर ‘गोइंग टू’, दुसऱ्या माणसाशी बोलून पक्कं झालं असेल तर हे. म्हणूनच पाऊस, भूकंप, सर्दी यांना ते लागत नाही. ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ म्हटलं तर पावसाने तुमच्याशी वेळ ठरवलीय असं होतं. तुमच्या ऑफिसात याचा उपयोग मोठा आहे. मॅनेजर विचारतो, रिपोर्टचं काय? ‘आय विल सेंड इट’ म्हणालात तर चूक नाही, पण त्याच्या कानाला ते असं लागतं की त्याने विचारेपर्यंत तुमच्या डोक्यात नव्हतं. ‘आय ॲम सेंडिंग इट ॲट फोर’ म्हणालात की काम चालू आहे, वेळ ठरलेली आहे. मुलाखतीतही, जुन्या कंपनीने मोकळं करायची तारीख दिली असेल तर ‘आय ॲम जॉइनिंग ऑन द फर्स्ट’.

चौथं वेळापत्रकाचं, त्याला फार शब्द नकोत. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ला सुटते. १ जून १९३० पासून धावतेय, उद्याही सुटेल. पण आपण ‘सुटते’ म्हणतो, इंग्रजीही ‘इट लीव्ह्ज’ म्हणते. सिनेमा, परीक्षा, विमान, मेट्रोची पहिली गाडी, पालखी शहरात येण्याची तिथी, कॉलची वेळ, सगळं यात. माणसाची लहर यात बसत नाही.

आता मेलमधली तिसरी ओळ घेऊ, कारण सगळ्यात जास्त शाई माझी तिथेच संपली आहे. ‘व्हेन आय विल कम बॅक, आय विल अपडेट यू.’ इंग्रजीत ‘व्हेन, इफ, अंटिल, बिफोर, आफ्टर, ॲज सून ॲज’ यांनी वेळ किंवा अट सांगणारं जे पोटवाक्य सुरू होतं त्यात ‘विल’ येत नाही, साधा वर्तमान येतो : ‘व्हेन आय कम बॅक’. पुस्तकं हा नियम देऊन मोकळी होतात आणि मुलं तो विसरून मोकळी होतात. चूक येते कुठून ते पाहिलं पाहिजे. आम्हा शिक्षकांना नेहमी वाटायचं की ही मराठीची छाया आहे : ‘जेव्हा मी परत येईन तेव्हा सांगेन’. पण असं बोलतं कोण हो? जिन्यावरून उतरताना तुम्ही आईला काय ओरडून सांगता? ‘पोचलो की फोन करतो!’ पोचलो, म्हणजे चक्क भूतकाळ. ‘पाऊस आला तर मॅच होणार नाही.’ ‘तो आला की दार उघड.’ ‘खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जाईल.’ बोलत्या मराठीतही या जागी भविष्यकाळ येत नाही. ‘जेव्हा–तेव्हा’ची मराठी आपण शाळेत भाषांतर करण्यासाठी शिकलो आणि चूक तिथून आली. तेव्हा उपाय असा : वाक्य आधी ‘की’ आणि ‘तर’ लावून म्हणा. ‘आला की’, ‘सोडलं तर’ असं झालं की इंग्रजीत त्या तुकड्यात ‘विल’ नाही. ‘इफ दे रिलीज मोर वॉटर, द ब्रिज विल गो अंडर.’

याला एक खड्डा आहे. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ हे बरोबर आहे, तिथे ‘विल’ लागतं. नियम कट्टरपणे पाठ केलेली हुशार मुलं इथे पडतात. मराठीत म्हणून बघा : ‘तो कधी येईल माहीत नाही.’ ‘की’ नाही आलं, ‘कधी’ आलं. म्हणजे आत प्रश्न लपलेला आहे. तसंच ‘इफ’चं : ‘तो येईल की नाही, माहीत नाही’, ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’. ‘आला तर’ आणि ‘येईल की नाही’ हे दोन ‘इफ’ वेगळे. ‘कधी’ किंवा ‘की नाही’ आलं तर ‘विल’ चालेल. आणि प्रश्न आत लपला की शब्दांची उलटापालट थांबते, हेही लक्षात असू द्या. ‘व्हेन यू विल कम?’ असं थेट विचारू नका आणि ‘आय डोन्ट नो व्हेन विल ही कम’ असं आडून सांगू नका. या दोन चुकांची मुलं आपसात अदलाबदल करतात.

मेलची दुसरी ओळ : ‘टिल फ्रायडे’. ही भविष्याच्या रूपाची चूक नाही, पण भविष्याबद्दलचं वचन बिघडवते. दोष आपल्या ‘पर्यंत’चा आहे. ‘शुक्रवारपर्यंत पुण्यात आहे’ आणि ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देतो’, मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’. पहिल्यात गोष्ट शुक्रवारपर्यंत सतत चालू आहे, तिथे ‘टिल’. दुसऱ्यात शुक्रवारच्या आत कधीतरी एकदा होणार आहे, तिथे ‘बाय’. ‘टिल फ्रायडे’ रिपोर्ट देणं म्हणजे रोज उठून देत राहणं. लंडनच्या मॅनेजरला अर्थ कळेल, पण तारीख किती पक्की आहे याबद्दल त्याच्या मनात शंका राहील.

‘बाय’ आला की पूर्ण भविष्य दारात उभं असतं. ‘बाय दिवाळी, वुई विल हॅव फिनिश्ड.’ मराठीत ‘दिवाळीपर्यंत झालेलं असेल’. सोपं आहे, घाबरू नका. चालू-पूर्णाबद्दल मात्र, ते ‘विल हॅव बीन वर्किंग’ वगैरे, मी प्रामाणिकपणे सांगते : वर्गात शिकवताना आणि पेपर काढताना सोडून मी ते आयुष्यात दोनदा वापरलं असेल. कळलं पाहिजे, वापरलं नाही तरी नोकरी जात नाही.

चालू भविष्य, ‘विल बी’ आणि पुढे ‘-इंग’, हे मात्र शिकून घ्याच. उद्या सहा वाजता मी चांदणी चौकात अडकलेली असेन, अशा अर्थी तर ते आहेच. पण त्याचा खरा नखरा विचारण्यात आहे. ‘विल यू यूज द प्रोजेक्टर?’ असं विचारलं तर समोरच्याला वाटतं तुम्ही त्याला वापरायची गळ घालताय, कारण ‘विल’मध्ये इच्छा आहे. ‘विल यू बी यूझिंग द प्रोजेक्टर?’ म्हटलं की इच्छा बाजूला राहते, नुसती चौकशी उरते : ओघात वापरणार असाल तर सांगा, नसाल तर मी नेते. आपल्याकडे ‘प्रोजेक्टर लागणार आहे का तुम्हाला?’ म्हणतात ना, तोच अदबशीर सूर. परदेशी वरिष्ठाला काही विचारायचं असलं की हे रूप फार उपयोगी पडतं.

काही वेळा ‘विल’ भविष्य सांगतच नाही. सकाळी सहाला बेल वाजते, तुम्ही पांघरुणातून म्हणता, ‘दूधवाला असेल.’ इंग्रज म्हणेल, ‘दॅट विल बी द मिल्कमन.’ दूधवाला आत्ता दाराशी आहे, उद्या नाही. ‘आता पोचला असेल घरी’ : ‘ही विल हॅव रीच्ड होम बाय नाउ.’ दोन्ही भाषांनी भविष्याचं रूप घेऊन वर्तमानाचा आणि भूताचा अंदाज बांधला. आणि नकारात तर बहारच. पावसात भिजलेली स्कूटर किक मारमारून सुरू होत नाही तेव्हा आपण ‘सुरू होत नाही’ एवढंच म्हणत नाही, ‘सुरू होईना!’ म्हणतो. जणू तिची मर्जी नाही. ‘द स्कूटर वोन्ट स्टार्ट.’ दार उघडेना, पोरगं जेवेना, नळाला पाणी येईना. सगळीकडे ‘वोन्ट’. हजार वर्षांपूर्वीची ती इच्छा इथे स्कूटरला फुटली आहे. ‘होईना’ला इतकं नेमकं जुळणारं दुसरं इंग्रजी रूप मला सापडलेलं नाही.

जिथे जुळत नाही तीही दोन ठिकाणं सांगते. ‘आलोच!’ म्हणताना आपण अजून खुर्चीवरच असतो आणि भूतकाळ वापरतो. इंग्रजीत ‘आय केम’ म्हणू नका, ‘कमिंग!’ म्हणा. आणि निघताना म्हणायचा ‘येतो’. एका विद्यार्थ्याने परदेशी पाहुण्यांचा निरोप घेताना हात जोडून ‘सो, आय कम’ म्हटलं होतं. पाहुणे बराच वेळ थांबून राहिले, हा कुठून येणार म्हणून.

‘अबाउट टू’ म्हणजे अगदी बेतात. ‘आय वॉज अबाउट टू कॉल यू’, तुम्हालाच फोन करणार होते. ‘बाउंड टू’ म्हणजे होणारच, ‘लाइकली टू’ म्हणजे बहुधा. वर्तमानपत्राच्या मथळ्यात नुसता ‘टू’ भविष्य सांगतो : ‘मिनिस्टर टू व्हिजिट पुणे’. बातमीत आत गेलात की ‘इज टू व्हिजिट’ होतं. सरकारी, शिष्टाचाराचं, कार्यक्रमपत्रिकेतलं भविष्य. घरात कुणी ‘आय ॲम टू ईट पोहे’ म्हणत नाही.

आणि ‘येणार होतो’. लग्नसराईत याच्याशिवाय कुणाचं भागत नाही. ‘मी येणार होतो हो, पण…’ याला इंग्रजीत ‘आय वॉज गोइंग टू कम’. मुलं ‘आय वुड कम’ म्हणतात, त्याने ‘आलो असतो’ किंवा ‘यायचो’ असं काहीतरी भलतंच होतं. ‘वॉज गोइंग टू’ उच्चारताच समोरच्याला कळतं की आला नाहीस. पुढचं कारण त्याने ऐकलं नाही तरी चालतं.

‘वुड’चा विषय निघाला म्हणून पहिली ओळ : ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो.’ ही चूक माझ्या तरुणपणी नव्हती. ईमेल आली आणि तिच्यामागून ही आली, आता सगळीकडे आहे. ‘वुड यू लाइक टी?’ अदबशीर, ‘कुड यू प्लीज’ अदबशीर, म्हणून ‘वुड’ म्हणजे ‘विल’चा इस्त्री केलेला अवतार अशी समजूत झाली. तसं नाही. विनंतीत आणि विचारण्यात ‘वुड’ नम्र होतं. नुसती माहिती सांगताना ‘वुड’ म्हटलं की ते अटीचं होतं : ‘मी उद्या रजेवर असतो…’ आणि वाचणारा पुढच्या ‘जर’ची वाट बघतो. रजा मिळाली असती तर? तब्येत बिघडली असती तर? मॅनेजरच्या लेखी तुम्ही रजेवर आहात की नाही हेच ठरत नाही. रजा मंजूर झाली आहे ना? मग ‘आय विल बी ऑन लीव्ह’ किंवा सरळ ‘आय ॲम ऑन लीव्ह टुमॉरो’.

तेव्हा मेल अशी पाठवा : ‘आय ॲम ऑन लीव्ह टुमॉरो. आय विल सेंड यू द रिपोर्ट बाय फ्रायडे. आय विल अपडेट यू व्हेन आय गेट बॅक.’ दुसऱ्या ओळीत ‘विल’ मुद्दाम ठेवलं आहे, कारण तिथे तुम्ही वचन देताय. शुक्रवारची वेळ कॉलवर आधीच ठरलेली असेल, तर तेही काढा आणि ‘आय ॲम सेंडिंग’ लिहा.